चुकीच्या बातमीची भरपाई: वृत्तकंपनीकडून पैसे वसूल करण्याचा कायदा कुठे चालतो आणि कुठे अडतो

प्रश्न असा आहे: एखाद्या वृत्तवाहिनीने किंवा वृत्तपत्राने चुकीची बातमी दिली आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर ती चालवणाऱ्या कंपनीला पैशाच्या रूपाने जबाबदार धरता येते का, आणि येत असेल, तर माध्यमांना त्याचा धाक का वाटत नाही? पुण्यात आणि मुंबईत अब्रुनुकसानीचे दावे मी दोन्ही बाजूंनी चालवत आलो आहे. कधी बदनाम झालेल्या माणसाचे वकीलपत्र घेतले, कधी ज्याच्यावर नोटिशींचा मारा झाला अशा छोट्या वृत्तपत्राचे. त्यामुळे हा प्रश्न मला एका बाजूने पाहता येत नाही, आणि उत्तरही तसेच देतो.

पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. भारतात दिवाणी अब्रुनुकसानीचा स्वतंत्र अधिनियम नाही. न्यायालयांनी इंग्रजी परंपरेतून घेतलेल्या आणि निकालांतून घडवलेल्या तत्त्वांवर हे दावे चालतात. परंतु हा कायदा चुकीच्या बातमीबद्दल भरपाई देत नाही, तर चुकीच्या बातमीमुळे ज्याची अब्रू गेली त्या माणसाला किंवा संस्थेला भरपाई देतो. हा भेद नीट ध्यानात घेतला, तर पुढच्या बहुतेक अडचणींचा उगम कळतो.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्यातलेच आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ या वाहिनीने गाझियाबादमधील भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दाखवली. त्यात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका माजी न्यायमूर्तींचा उल्लेख होता. परंतु आडनावाच्या उच्चारातील साम्यामुळे पडद्यावर छायाचित्र झळकले ते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. चित्र पडद्यावर राहिले ते सुमारे १५ सेकंद. सावंत हे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष राहिलेले गृहस्थ, म्हणजे वृत्तपत्रांच्या चुकांबद्दलच्या तक्रारी ऐकण्यात ज्यांनी वर्षे घालवली, तेच या चुकीचे बळी ठरले. चूक लक्षात आणून दिल्यावर वाहिनीने छायाचित्र थांबवले, मात्र जाहीर दिलगिरी लगेच आली नाही. सावंत यांनी लेखी मागणी केल्यानंतर ती आली, आणि तीसुद्धा पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीच्या रूपात.

पुण्याच्या दिवाणी न्यायालयात १०० कोटी रुपयांचा दावा दाखल झाला आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने तो मागितल्याप्रमाणे पूर्ण मंजूर केला. कंपनी अपिलात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या त्या निर्णयाच्या, बजावणीला स्थगिती देताना २० कोटी रुपये रोख भरण्याची आणि उरलेल्या ८० कोटींसाठी बँक हमी देण्याची अट घातली, आणि १४ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. अनेकांना ही अट फार कडक वाटली, पण पैशाच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करणाऱ्याने रक्कम भरावी किंवा तारण द्यावे, ही दिवाणी प्रक्रिया संहितेतील नेहमीचीच तरतूद आहे. फरक एवढाच, की ती एका बातमीपोटी आणि एवढ्या मोठ्या रकमेला लागू झाल्याचे लोकांनी पहिल्यांदा पाहिले.

या निकालाबद्दल माझे मत दुहेरी आहे. जबाबदारी ठरवण्याच्या बाबतीत न्यायालय बरोबर होते. रकमेच्या बाबतीत मात्र १०० कोटी हा आकडा कोणत्या हिशेबाने योग्य ठरतो, हे मला आजही पटवून देता येत नाही. आणि जो आकडा हिशेबाने सिद्ध करता येत नाही तो अपिलात वर्षानुवर्षे अडकतो, हे या क्षेत्रातील प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. मोठी रक्कम लिहिली म्हणजे मोठा न्याय मिळाला, असे होत नाही. योग्य रक्कम वेळेत हाती पडणे आणि त्यासोबत प्रेक्षकांसमोर खरी गोष्ट येणे, या दोन गोष्टी एकत्र घडल्या तरच माध्यमाला आपल्या चुकीची किंमत मोजावी लागली असे मी मानतो.

‘आमचा तसा हेतू नव्हता’ हा बचाव मी प्रत्येक वृत्तकंपनीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, वाचतो. दिवाणी दाव्यात तो सहसा टिकत नाही. १९१० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हल्टन विरुद्ध जोन्स या खटल्यात ठरवले की, वृत्तपत्राने काल्पनिक समजून वापरलेले नाव खऱ्या माणसाचे निघाले आणि वाचकांनी ते त्याच्याविषयीच आहे असे समजले, तर लेखकाच्या मनात तो माणूस नव्हता ही सबब चालत नाही. पुण्याच्या प्रकरणातील चुकीच्या छायाचित्राचा प्रश्न याच जातीचा होता. अपवाद आहे तो सार्वजनिक पदावरील व्यक्तींचा: १९९४ मधील आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सरकारी पदाधिकाऱ्याच्या कामकाजाविषयीची बातमी चुकीची निघाली तरी, ती सत्याची बेफिकिरीने उपेक्षा करून दिली होती असे सिद्ध झाल्याशिवाय त्याला भरपाई मागता येणार नाही. पत्रकाराने वाजवी पडताळणी केली असेल तर तेवढे पुरे. हा अपवाद मला मनापासून मान्य आहे. त्याच्याशिवाय तालुक्याच्या पातळीवरचा एकही वार्ताहर टेंडरमधील गैरव्यवहाराची बातमी देऊ धजणार नाही.

आता व्यवहाराकडे येतो, कारण दावे गुणवत्तेवर हरण्याआधी मुदतीवर हरतात. मुदत अधिनियम, १९६३ नुसार छापील किंवा प्रसारित बदनामीच्या भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. माझ्याकडे येणारे बरेच लोक आधी संपादकाशी पत्रव्यवहार करतात, मग ओळखीच्या नेत्याकडे जातात, मग समेटाची वाट पाहतात आणि वर्ष उलटल्यावर वकिलाची पायरी चढतात. संकेतस्थळावर बातमी आजही दिसते, म्हणजे मुदत रोज नव्याने सुरू होते, असा एक समज आहे. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खवर बट प्रकरणात तो नाकारला आणि पहिल्या प्रसिद्धीपासूनच मुदत मोजली. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ आणि ५०० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आले आहे, आणि ज्यांची दिवाणी मुदत गेली ते या वाटेने जातात. या वाटेने पत्रकाराला तारखांना फिरवता येते. कंपनीच्या ताळेबंदावर मात्र तिचा परिणाम नगण्य असतो. आर्थिक जबाबदारी हा उद्देश असेल तर दिवाणी दावाच करावा, असे मी पक्षकाराला स्पष्ट सांगतो.

मुदतीइतकाच नाजूक विषय पुराव्याचा. प्रसारित झालेल्या मजकुराचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवण्याचे बंधन परवानाधारक वाहिनीवर असते. त्यानंतर ‘आमच्याकडे मूळ चित्रफीत नाही’ असे उत्तर आले, तर त्यावर फारसे काही करता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच नोटीस द्यावी, आणि त्यात दिलगिरी किंवा भरपाईच्या मागणीच्याही आधी, अमुक दिवशी अमुक वेळेचे मुद्रण, बातमीची संहिता, छायाचित्र कोठून घेतले त्याची नोंद आणि संपादकीय विभागातील संदेश जपून ठेवावेत, अशी मागणी करावी. संकेतस्थळावरील बातमीचा पडद्यावरचा फोटो काढून ठेवणे पुरेसे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि नव्या नमुन्यात त्या फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याची अंकीय खूण, लिहावे लागते. बातमी गुपचूप बदलली गेली, की मूळ शब्द काय होते यावरच अर्धा दावा लढला जातो.

दावा कोठे करावा याबाबत कायदा वादीला अनुकूल आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे, जेथे अपाय झाला तेथे किंवा जेथे प्रतिवादी व्यवसाय करतो तेथे दावा लावता येतो. म्हणजे वाहिनीचे कार्यालय नोएडात असले तरी सांगलीत राहणाऱ्या आणि सांगलीत बदनाम झालेल्या माणसाला सांगलीच्या न्यायालयात जाता येते. प्रतिवादी म्हणून बातमीदार, संपादक, प्रकाशक आणि कंपनी या सर्वांना जोडावे, परंतु वसुली होते ती ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडून. मोठ्या समूहांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. जिल्ह्यातील केबल वाहिनी किंवा यूट्यूबवर चालणारे वृत्त पोर्टल यांच्या बाबतीत मात्र हुकूमनामा मिळतो, वसुलीचा अर्ज म्हणजे दरखास्त दाखल होते आणि जप्त करायला एक कॅमेरा आणि भाड्याची खोली एवढेच सापडते.

न्यायशुल्क मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावे लागते. महाराष्ट्रात त्याला कमाल मर्यादा आहे, आणि ती २०१८ पासून १० लाख रुपये आहे. याचा परिणाम उलटा होतो. सामान्य माणूस शुल्काच्या भीतीने कमी रक्कम मागतो. ज्याला १० लाख जड नाहीत तो ५०० कोटी मागू शकतो, आणि एवढ्या आकड्याची नोटीस मिळताच छोटे वृत्तपत्र खरी बातमीसुद्धा मागे घेते.

रक्कम सिद्ध कशी करायची? लेखी बदनामीत काही हानी झालीच आहे असे कायदा गृहीत धरतो, त्यामुळे ‘अब्रू गेली’ हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. परंतु त्या गृहीतकावर न्यायालये मोजकीच रक्कम देतात. मोठी भरपाई हवी असेल तर बातमीनंतर कोणते करार रद्द झाले, कोणत्या रुग्णालयाने डॉक्टरची सेवा थांबवली, बँकेने कर्ज का नाकारले, मुलीचे ठरलेले लग्न मोडले काय, याची कागदपत्रे आणि साक्षीदार लागतात. बातमी किती लोकांपर्यंत गेली, पहिल्या पानावर होती की आत, कंपनीने पडताळणीसाठी काय केले, चूक कळल्यावर किती दिवसांत दुरुस्ती केली आणि दाव्यातही तिने तोच आरोप रेटला काय, या सर्वांचा विचार होतो. यातील शेवटच्या दोन मुद्द्यांना आपली न्यायालये पुरेसे वजन देत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

आणि मग येतो काळ. तहलका या वृत्तसंकेतस्थळाने २००१ मध्ये केलेल्या संरक्षण खरेदीविषयीच्या छुप्या चित्रणात मेजर जनरल एम. एस. अहलुवालिया यांच्यावर लाच मागितल्याचा आरोप झाला. त्यांनी २००२ मध्ये दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने तहलका, तिचे संपादक आणि बातमीदार यांच्याविरुद्ध २ कोटी रुपयांचा हुकूमनामा दिला तो जुलै २०२३ मध्ये. इतक्या वर्षांनंतर माफीला अर्थ उरत नाही, असे न्यायालयानेच नमूद केले. त्यावरही अपील झाले.

एवढ्या काळात वादीच मरण पावला तर? भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ३०६ नुसार बदनामीचा दावा वादीच्या मृत्यूबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यात एक फरक केला: दावा फेटाळला गेल्यावर वादीने केलेले अपील त्याच्या मृत्यूने संपते, परंतु हयातीत हुकूमनामा मिळाला असेल तर तो त्याच्या संपदेचा भाग होतो आणि वारस तो टिकवण्यासाठी लढू शकतात. न्यायमूर्ती सावंत फेब्रुवारी २०२१ मध्ये निवर्तले. अशा प्रसंगी २०११ चा हुकूमनामा हातात असणे आणि नसणे यांत किती अंतर आहे, हे या नियमावरून समजावे.

ज्याची बदनामी मृत्यूनंतरच झाली त्याच्या कुटुंबाला तर भरपाईचा दिवाणी मार्ग जवळपास बंदच आहे. मे २०२५ मध्ये पूंछ येथे पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात मदरशातील एक शिक्षक ठार झाले, आणि काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी म्हणून दाखवले. पोलिसांनी ते खोडून काढले, दिलगिरीही आली, आणि जूनमध्ये तेथील न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मृताची बदनामी करून नातेवाइकांना दुखावणे हा फौजदारी कायद्याने गुन्हा ठरू शकतो. परंतु वाहिनीच्या तिजोरीतून त्या कुटुंबाला काही मिळवून देईल अशी सरळ दिवाणी तरतूद आपल्याकडे नाही. ज्या घराने माणूस गमावला आणि त्याच दिवशी त्याचे नावही गमावले, त्याला कायद्याने इतके मोकळ्या हाताने परत पाठवावे, हे मला अतिशय अन्यायाचे वाटते.

याच्या तुलनेत इंग्लंडमधले एक प्रकरण पाहावे. २ नोव्हेंबर २०१२ रोजी बीबीसीच्या न्यूजनाइट कार्यक्रमाने बाललैंगिक शोषणाच्या आरोपात एका ज्येष्ठ राजकारण्याकडे बोट दाखवले. नाव घेतले नव्हते, पण समाजमाध्यमांवर लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे नाव फिरू लागले. आरोप चुकीच्या ओळखीतून झाला होता. आठवडाभरात बीबीसीने माफी मागितली, महासंचालकांनी राजीनामा दिला, आणि १५ नोव्हेंबरला १,८५,००० पौंड आणि खर्च देऊन तडजोड झाली. ही रक्कम अखेर परवाना शुल्क भरणाऱ्या जनतेच्याच पैशातून गेली, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तेरा दिवसांत चूक मान्य, माफी जाहीर आणि पैसे ठरलेले, हे आपल्या व्यवस्थेत मी कधी पाहिलेले नाही.

तिथे हे शक्य होण्यामागे प्रक्रियेचा मोठा वाटा आहे. त्यांच्या १९९६ च्या अधिनियमात प्रतिवादीला लवकर पुढे येऊन दुरुस्ती, माफी आणि योग्य भरपाई देऊ करण्याची वाट ठेवलेली आहे. तसे केल्यास न्यायालय भरपाईची रक्कम ठरवताना मोठी सूट देते, काही वेळा निम्म्यापर्यंत. लवकर चूक कबूल करणे कंपनीला आर्थिकदृष्ट्या परवडते. आपल्याकडे लवकर कबूल केले तर ते पत्र पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा होईल, या भीतीने मी स्वतः वृत्तपत्रांचा वकील म्हणून सावध भाषेचे मसुदे केले आहेत, आणि आजच्या कायद्यात दुसरा कोणताही वकील तसेच करेल.

अमेरिकेतील फॉक्स न्यूजचे प्रकरण वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत फेरफार झाल्याचे आरोप वाहिनीवरून झाले, आणि यंत्रे बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने १६० कोटी डॉलरचा दावा केला. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या १९६४ च्या निकालामुळे तेथे अशा वादीला, खोटे माहीत असून किंवा सत्याची बेफिकीर उपेक्षा करून प्रसारण झाले हे सिद्ध करावे लागते. ते एरवी फार अवघड. परंतु दाव्याच्या पूर्वतयारीत वाहिनीतील अंतर्गत संदेश उघड करावे लागले आणि ज्या गोष्टी पडद्यावरून सांगितल्या जात होत्या त्यांवर आतील लोकांचाच विश्वास नव्हता, हे कागदोपत्री दिसले. १८ एप्रिल २०२३ रोजी, सुनावणी सुरू होण्याच्या बेतात असताना, ७८.७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आदेश ११ खाली प्रश्नावली देऊन उत्तरे मागण्याची आणि कागदपत्रे उघड करायला लावण्याची सोय आहे, पण अब्रुनुकसानीच्या दाव्यांत वकील ती फार क्वचित वापरतात. बातमीदाराच्या गोपनीय सूत्रांना धक्का न लावता, कोणी काय तपासले आणि कोणी कोणाला सावध केले, एवढे तरी मागता येते. मागावे.

याच प्रकरणातली खटकणारी बाब अशी की, एवढे पैसे देऊनही वाहिनीवर माफी मागण्याचे बंधन त्या तडजोडीत नव्हते. डॉमिनियनचे नुकसान भरून निघाले असेल. ज्यांनी ते आरोप खरे मानले त्या प्रेक्षकांना त्याच पडद्यावरून, त्याच निवेदकांकडून खुलासा मिळाला नाही. म्हणून मी दाव्यात भरपाईसोबत दुरुस्तीची मागणी नेहमी सविस्तर लिहितो: कोणत्या वेळी, किती सेकंद, कोणत्या शब्दांत.

न्यायालयाबाहेरच्या यंत्रणांबद्दल थोडक्यात. वृत्तपत्र परिषद १९७८ च्या अधिनियमाने ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते, दंड करू शकत नाही, आणि तिचे क्षेत्र छापील माध्यमांपुरते आहे. दैनिकाविरुद्धची तक्रार दोन महिन्यांत करावी लागते. वाहिन्यांच्या संघटनेने स्वतः उभारलेल्या मानक प्राधिकरणाच्या दंडाची कमाल मर्यादा २०२३ मध्येही १ लाख रुपयेच होती, आणि तो दंड सदस्य वाहिन्यांनाच होतो. तक्रार आधी वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांत करावी लागते. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांचे म्हणून बनावट ट्विट दाखवल्याबद्दल आज तक वाहिनीला हा १ लाखाचा दंड झाला. २००९ मध्ये एवढाच दंड झाल्यावर इंडिया टीव्हीने संघटनेतून बाहेर पडणे पसंत केले होते, नंतर ती परतली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात या स्वनियमनाला वैधानिक आधार नसल्याचे म्हटले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीशांनी दंड कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याच्या प्रमाणात असावा असे मत व्यक्त केले. तरीही या यंत्रणांकडे तक्रार करावी असा माझा सल्ला असतो, कारण त्यांचा आदेश दाव्यात उपयोगी पडतो आणि वाहिनीचे लेखी म्हणणे लवकर हाती येते.

राहिला सर्वांत अवघड भाग: ज्या खोट्या बातमीने कोणा एकाची बदनामी होत नाही, तिचे काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये २,००० रुपयांच्या नोटेत माग काढणारी चिप असल्याचे काही वाहिन्यांनी सांगितले. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. कोट्यवधी लोकांची दिशाभूल झाली, पण दावा लावण्याचा हक्क कोणालाच नाही. येथे अनेकांची सूचना असते, की सरकारने खोटी बातमी ठरवावी आणि दंड करावा. मी तिच्या ठाम विरोधात आहे. केंद्र सरकारने स्वतःच्या कामकाजाविषयीच्या मजकुरासाठी तथ्य तपासणी कक्ष नेमण्याची केलेली तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली, ते योग्यच झाले. जो बातमीचा विषय आहे त्याच्याच हाती दंडाची पावती द्यायची नसते.

धनवान वादीच्या हाती हाच कायदा हत्यार होतो, हेही विसरता येत नाही. २०१७ मध्ये मुंबईतून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीला एका उद्योगसमूहाची नोटीस आली; दावा उभा राहण्याआधीच विश्वस्तांनी लेख उतरवायला सांगितला आणि संपादकांनी राजीनामा दिला. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, प्रतिवादीचे म्हणणे पूर्ण ऐकण्यापूर्वी लेख उतरवण्याचा हुकूम यांत्रिकपणे देऊ नये, असे खालच्या न्यायालयांना बजावले. दडपण आणण्यासाठी लावलेले असे दावे सुरुवातीलाच फेटाळण्याची वेगळी तरतूद अमेरिकेतील अनेक राज्यांत आहे, आपल्याकडे नाही. भरपाईचा कायदा कडक करावा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही तरतूदही त्याच दमात मागितली पाहिजे.

माझी मागणी तीन भागांची आहे, आणि हे भाग एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. लवकर आणि ठळक दुरुस्ती करणाऱ्या प्रतिवादीला भरपाईत निश्चित सूट देणारी आणि त्याची कबुली त्याच्याविरुद्ध न वापरणारी तरतूद; दाव्यांसाठी ठरावीक कालमर्यादा आणि कंपनीच्या उलाढालीशी निगडित रक्कम, म्हणजे राष्ट्रीय वाहिनी आणि तालुक्याचे साप्ताहिक यांना एकच फूटपट्टी लागणार नाही; आणि दडपण आणण्यासाठी लावलेला दावा लवकर फेटाळून वादीकडून खरा खर्च वसूल करण्याचा अधिकार.

हे होईपर्यंत ज्याच्याविषयी चुकीची बातमी आली आहे त्याने पहिल्या आठवड्यात मुद्रण जपण्याची नोटीस द्यावी, सात दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी तक्रार नोंदवावी, झालेल्या नुकसानीचे कागद तारखेनिशी गोळा करावेत आणि समेटाची बोलणी कितीही गोड चालू असली तरी अकराव्या महिन्यात दावा दाखल करून टाकावा. बोलणी त्यानंतरही चालू ठेवता येतात.